हँडलावरची पट्टी

ज्या अवयवांमुळे यंत्राला गती मिळते त्यांच्याकडेच यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष साहजिकपणे जाते, आणि म्हणून सायकलचे चरित्र सांगताना चाक, साखळी, हवेचा टायर आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा यांच्या जन्मकथा मोठ्या विस्ताराने येतात. परंतु स्वाराचा देह ज्या तीन ठिकाणी त्या यंत्राला टेकतो ती पेडल, सीट आणि हँडल ही स्थाने, आणि त्यांतही शर्यतीच्या सायकलच्या वळणदार हँडलावर वळसे घालून बांधलेली ती चिंचोळी पट्टी, यांचा वृत्तान्त तळटीपेच्या योग्यतेचाच मानला जातो. या उपेक्षेला सबळ कारण आहे. साधनांवाचून इतिहास लिहिता येत नाही, हे राजवाड्यांनी दप्तरांमागून दप्तरे धुंडाळून महाराष्ट्राला शिकविले, आणि पट्टीच्या बाबतीत साधनच मुळी टिकत नाही. सांगाडा शंभर वर्षे राहतो. पट्टी मात्र घामाने मळते, कडांना झिजते, हंगाम संपला की चाकूने कापून केरात जाते, आणि संग्रहालयांतून ज्या पुराण्या सायकली जपून ठेवलेल्या आहेत त्यांच्या हँडलांवरचे वेष्टनही बहुधा जीर्णोद्धाराच्या वेळी नव्याने चढविलेले असते. तरीही जुनी छायाचित्रे, कारखान्यांची सूचिपत्रे आणि वैद्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: सायकलीच्या दुसऱ्या कोणत्याही अंगात सुधारणा होऊन वेग वाढला की त्या वेगाचे मोल प्रथम स्वाराच्या तळहाताने भरले, आणि पट्टीत झालेला प्रत्येक बदल हा त्या तळहाताला उशिराने मिळालेला मोबदला होय.

हातात धरावयाच्या वस्तूला वेष्टन घालण्याची वहिवाट सायकलीहून पुष्कळच प्राचीन आहे. आपल्याकडील फिरंग आणि खांडा यांच्या मुठींना आतल्या बाजूने कापडाची किंवा मखमलीची गादी बसविलेली आढळते. क्रिकेटच्या बॅटीच्या वेताच्या दांड्यावर सूत गुंडाळून त्यावर रबर चढविण्याचा शिरस्ता तर सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तलवार काय किंवा बॅट काय, हात तिला आघाताच्या क्षणी आवळतो आणि नंतर सैल सोडतो. सायकलस्वाराचा हात तासन्‌तास एकाच नळीवर असतो, वाकलेल्या धडाचा भार त्याच्यावर येतो, आणि रस्त्यावरील प्रत्येक खडा व प्रत्येक भेग चाकातून, फोर्कमधून आणि हँडलातून वर चढत येऊन त्याच तळहातात विसर्जित होते. घट्ट धरता आले पाहिजे, आणि घट्ट धरण्याची गरज पडू नये, अशी या वेष्टनाकडून दुहेरी अपेक्षा असते.

या अपेक्षेची जाणीव सायकलीच्या आद्य जनकालाच झालेली होती, हे पाहून मन थक्क होते. बाडेन संस्थानच्या वनखात्यातील अधिकारी कार्ल फॉन ड्राइस याने 12 जून 1817 रोजी माँहाइम शहरातून आपली दोन चाकांची लाकडी गाडी बाहेर काढली, तेव्हा तिला पेडल नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटीत पुढे जाई. परंतु त्याच्या छातीसमोर ड्राइसने एक आडवी, गादी बसविलेली फळी दिली होती. स्वाराने कोपरापासून मनगटापर्यंतचे हात या फळीवर टेकावेत, तोल तिने सांभाळावा, आणि बोटांनी केवळ पुढचे सुकाणू वळवावे, अशी ती तजवीज होती. भार पेलण्याचे काम एकाकडे आणि दिशा देण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी मला त्या संपूर्ण यंत्रातील सर्वांत शहाणपणाची कल्पना वाटते, आणि पुढच्या पिढ्यांनी ती सोडून दिली याचे वाईटही वाटते.

1860 च्या दशकात पॅरिसमध्ये मिशोच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पेडल लावलेल्या ज्या जड गाड्या निघू लागल्या, त्यांच्या हँडलावर एक वेगळीच कामगिरी सोपविलेली होती. स्वाराने दोन्ही मुठी पकडून हँडल स्वतःभोवती पिळले की त्यावर दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकावर ब्रेक आवळला जाई. अर्थात मूठ ओल्या हातात फिरली तर गाडी थांबणार नाही, हे उघड होते, आणि म्हणून त्या लाकडी मुठी जाडजूड व हातात भरतील अशा घडविलेल्या असत. त्यानंतर आलेल्या उंच पुढच्या चाकाच्या सायकलींनी तर हँडलाला थेट जिवावरच्या गोष्टीत आणून बसविले. त्या चाकाची उंची माणसाच्या छातीपर्यंत येई, त्याच्या माथ्याजवळ स्वार बसे, आणि चाक एखाद्या दगडाला अडले की स्वार पुढच्या बाजूला डोक्यावर आपटे. हँडल मांड्यांच्या पुढून गेलेले असल्यामुळे पाय त्याखाली अडकत आणि उडी मारून सुटण्याची संधी मिळत नसे. या आपत्तीवर उपाय म्हणून हँडल मांड्यांच्या मागून वळवून आणण्याची व्हॉटन नावाची पद्धत इंग्लंडात निघाली. त्या हँडलांच्या टोकांशी शिंगाच्या, लाकडाच्या अथवा कडक रबराच्या मुठी असत. पट्टी गुंडाळण्याचे कारण अजून उत्पन्न झालेले नव्हते, कारण हात ठेवण्याची जागा दोन्ही टोकांशी एकेक, अशी ठरून गेलेली होती.

ते कारण उत्पन्न झाले ते पुढच्या तीस वर्षांत. 1885 साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन समान चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी रोव्हर सायकल सिद्ध केली; 1888 साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनविलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींनी सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यात आली आणि तिचा वेगही वाढला. वेग वाढताच वाऱ्याचा विरोध हा मुख्य शत्रू ठरला, आणि त्याच्यापासून बचाव करण्यासाठी शर्यतीचे स्वार आपले हँडल खाली आणू लागले. सरळ बसलेल्या माणसाचा बहुतेक भार सीटवर राहतो. कमरेतून वाकलेल्या माणसाच्या भाराचा मोठा हिस्सा खांद्यांतून हातांवर उतरतो. त्या काळी प्रचलित असलेल्या बुचाच्या मुठी, म्हणजे पोर्तुगाल-स्पेनमधील बुचाच्या झाडाच्या सालीपासून बनविलेल्या हलक्या, घाम शोषणाऱ्या आणि उबदार मुठी, सहलीला निघणाऱ्या गृहस्थांना पुरेशा होत्या; शर्यतीच्या स्वारांना त्या पुरेनात.

आणि त्याचा दाखला वैद्यकाने नोंदवून ठेवलेला आहे. लिऑन येथील वैद्य एतिएन देस्तो याने 1896 साली सायकलच्या वापराने होणाऱ्या एका पक्षाघाताचे वर्णन प्रसिद्ध केले. कोपराच्या आतल्या बाजूने खाली येणारी एक मज्जातंतूची शाखा मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याखाली, एका अरुंद मार्गातून जाते. या मार्गाचे वर्णन फेलिक्स ग्युयों याने 1861 सालीच केलेले असल्यामुळे तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. हँडलाची नळी नेमकी त्या उंचवट्यावर दाब देत राहिली की प्रथम करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात, मग ती बधिर होतात, आणि दुर्लक्ष केले तर बोटे पसरण्याची व चिमटीत धरण्याची शक्ती कमी होते. शर्टाची गुंडी लावता येईना, किल्ली कुलपात फिरविता येईना, अशा तक्रारी घेऊन लांब पल्ल्याचे स्वार आजही वैद्याकडे जातात. देस्तोच्या नोंदीचे महत्त्व मला यासाठी वाटते, की ती हवेच्या टायरनंतर अवघ्या आठ वर्षांत आलेली आहे. टायरने रस्त्याचा कठोरपणा कमी केला, पण त्याच सवलतीने माणसाला अधिक लांब आणि अधिक वाकून जाण्याची मुभा दिली, आणि वाचलेला त्रास पुन्हा हाताच्या खात्यावर जमा झाला.

लांब जाणे म्हणजे काय, हे त्या काळाने पुरेपूर दाखवून दिले. 1891 साली शार्ल तेरों याने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याचे सुमारे 1200 किलोमीटरचे अंतर न झोपता 71 तास 22 मिनिटांत तोडले. 1903 साली आंरी देग्रांज याच्या वृत्तपत्राने भरविलेल्या पहिल्या फ्रान्स-प्रदक्षिणेत एकूण 2428 किलोमीटर केवळ सहा टप्प्यांत विभागलेले होते. पॅरिस ते लिऑन हा पहिलाच टप्पा 467 किलोमीटरांचा होता, स्वार रात्रीबेरात्री, खडीच्या रस्त्यांवरून, धुळीने माखून जात असत, आणि निघालेल्या 60 जणांपैकी विजेत्या मॉरिस गारँसह 21 जणच शेवटपर्यंत पोहोचले. इतका वेळ हात एकाच ठिकाणी ठेवणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून हँडलाचा आकारच असा होत गेला की त्यावर हात फिरता राहावा: मध्यभागी आडवी नळी, तेथून पुढे जाऊन खाली उतरणारे वळण, आणि मागे येणारे टोक. चढावर वरची नळी धरावी, सपाटीवर वळणाच्या खांद्यावर हात ठेवावेत, वाऱ्याविरुद्ध किंवा उताराला खालच्या टोकांपर्यंत उतरावे. पुढे ब्रेक-लिव्हरवर रबरी टोप्या आल्या तेव्हा हाताला आणखी एक विश्रांतिस्थान मिळाले. अशा हँडलाला टोकाची तयार मूठ निरुपयोगी होती, कारण ती एकाच जागेची सोय पाहते, आणि शिवाय लाकडाची वा बुचाची ताठ नळी वळणावरून सरकवून नेताच येत नाही. वळसे घालून बांधलेली पट्टी मात्र कोणत्याही वळणाला लागू होते आणि सुमारे 24 मिलिमीटर व्यासाच्या त्या बारीक, थंड नळीला हाताच्या पकडीस योग्य अशी जाडी व खरखर देते. बहुविध पकडीच्या हँडलातूनच पट्टी जन्मली, आणि म्हणूनच ती आजतागायत मुख्यतः त्याच जातीच्या हँडलावर दिसते.

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ही पट्टी सुती होती. सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची, जाड सुताची, घट्ट विणीची, कधी मागे डिंक लावलेली अशी ती फीत फ्रान्समध्ये ट्रेसोस्टार या नावाने इतकी रूढ झाली की जुने स्वार आजही त्या नावानेच तिची मागणी करतात. सुती पट्टीचे गुण थोर होते: घाम शोषून घेई, पावसात ओली झाली तरी हातातून निसटत नसे, आणि तिचे मोलही कोणाला जड जाण्यासारखे नव्हते. तिचे दोषही तितकेच ढळढळीत होते. ती मळे, भिजून फुगे, कडांना दशा सुटत, आणि जाडी अगदी कमी असल्याने कंपनांना फारसा अटकाव करीत नसे.

यांतील मळण्या-भिजण्याच्या दोषावर युरोपातील सहलकरी स्वारांनी आणि इंग्लंडातील क्लबांच्या सभासदांनी जो तोडगा काढला, त्याचे मूळ आपल्या देशातील अरण्यांत आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेसारखे आवरण निर्माण करतात, ते छोटा नागपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील आदिवासी खरवडून गोळा करीत. ते धुऊन, वितळवून, पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणले म्हणजे त्याला बाजारात चपडा म्हणतात, आणि कलकत्त्याच्या बंदरातून तो जगभर जाई. ग्रामोफोनच्या तबकड्या त्याच्याच होत, युरोपातील उंची फर्निचरचे पॉलिश त्याचेच होते. या मालाचे महत्त्व इतके होते की 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आपल्याकडे सरकारी थैल्यांच्या तोंडावर मोहोर करणारी आणि सुताराच्या हातून पलंगांना झळाळी देणारी ही लाख सायकलस्वारांनी स्पिरिटमध्ये विरघळवून, कुंचल्याने, हँडलावर बांधलेल्या सुती पट्टीवर चढविली. एक हात वाळला की दुसरा, असे तीन-चार हात दिले म्हणजे सूत लाख पिऊन घट्ट होई, पाणी आत शिरेनासे होई, आणि पांढरी पट्टी मधाच्या रंगाची, तर पिवळी गडद तपकिरी बनत असे. वरची विणीची खरखर शिल्लक राही, म्हणजे पकड जात नसे. पट्टीचे शेवटचे टोक तागाच्या सुतळीने करकचून बांधीत आणि त्या बांधणीवरही लाख फासीत. बंदिस्त मैदानावरील शर्यतींसाठी टायर चाकाच्या कडीला चिकटविण्यासही हीच लाख वापरीत, म्हणजे युरोपातील स्वाराच्या हाताखाली आणि चाकाखाली दोन्हीकडे पळस-कुसुमांच्या रानांतील माल होता. ज्यांनी फांद्या खरवडून तो गोळा केला, त्यांच्यापैकी कितीकांनी ती सायकल डोळ्यांनीही पाहिली नसेल, हा विचार मनातून जात नाही.

बांधण्याच्या क्रियेचे वर्णन येथे थोडे विस्ताराने करणे अवश्य आहे, कारण या वस्तूचे निम्मे गुण मालात असतात आणि निम्मे बांधणाऱ्याच्या हातात. पुण्यातील सायकलच्या जुन्या दुकानांत हे काम करणारे कारागीर मी पुष्कळदा न्याहाळले आहेत. प्रथम जुनी पट्टी सोलून नळी स्पिरिटच्या चिंधीने स्वच्छ करतात, ब्रेकच्या केबल्स इन्सुलेशन टेपने नळीला ठिकठिकाणी घट्ट बसवितात, आणि लिव्हरवरची रबरी टोपी उलटी दुमडून ठेवतात. मग हँडलाच्या खालच्या टोकापासून आरंभ होतो. पट्टीची अर्धी रुंदी टोकाबाहेर लोंबती ठेवावयाची, कारण ती शेवटी नळीच्या आत दडपून तिच्यावर बूच बसवायचे असते. प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने चढतो. वळणाच्या आतल्या बाजूला वळसे दाटतात आणि बाहेरच्या बाजूला विरळ होतात, म्हणून तेथे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते. बाहेरच्या अंगाला नळीचा धातू उघडा दिसला की दोन-तीन वळसे उलगडून पुन्हा घ्यावे लागतात. अशाच एका वळणापाशी, पट्टी सैल पडताना पाहून, हातातले काम न थांबविता एक वयस्क मिस्त्री आपल्या शिकाऊ मुलाला म्हणाले, “अरे, अंगठा सोडू नकोस. ताण गेला की सगळं गेलं.” लिव्हरच्या मागे पट्टीचा एक आखूड तुकडा आधीच लावून ठेवतात, म्हणजे तेथे फट राहत नाही; मग लिव्हरभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फेर घेऊन पट्टी वरच्या नळीवर येते, आणि शेवटचे टोक तिरपे कापून टेपने बंद होते.

पट्टी कोणत्या दिशेने गुंडाळावी, यावर कारागिरांत मोठी मसलत चालते आणि ती निरर्थक नाही. स्वार खालची टोके धरून जोर लावतो तेव्हा त्याचे पंजे बाहेरच्या अंगाला पिळले जातात. वरची नळी धरून चढ चढताना तो ती आपल्याकडे ओढतो. या नित्याच्या पिळाने पट्टी सुटत न जाता अधिकच आवळत जावी, अशी दिशा निवडावयाची असते. पूर्वी सुती पट्टी वरून, म्हणजे हँडलाच्या मध्यापासून, आरंभून खालच्या टोकाशी बुचाखाली संपवीत. त्याने टेपची गरज उरत नसे आणि शेवट नीटनेटका दिसे. पण खाली सरकणारा हात प्रत्येक वळशाच्या उघड्या कडेला घासून ती गुंडाळीत जाई. खालून आरंभ केला की वरचा वळसा खालच्यावर कौलांप्रमाणे बसतो आणि हात त्यांवरून न अडखळता जातो. आज बहुतेक सर्वत्र ही दुसरी रीत मान्य झालेली आहे.

हाताची सर्वांत कठोर परीक्षा पाहणारी शर्यत म्हणजे पॅरिस-रुबे. 1896 साली ती सुरू झाली आणि योजेफ फिशर या जर्मन स्वाराने ती प्रथम जिंकली. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली तिचा मार्ग पाहण्यास गेलेल्यांनी तोफांनी उद्ध्वस्त झालेला तो मुलूख पाहून त्याला उत्तरेकडील नरक म्हटले, आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. ओबडधोबड दगडी फरसबंदीचे तिचे तुकडे एकत्र केले तर पन्नास किलोमीटरांहून अधिक भरतात. त्यांवरून वेगाने जाताना हँडल इतके थरथरते की शेवटाला स्वारांच्या तळहातांना फोड येऊन ते फुटलेले असतात. त्या एका दिवसासाठी पट्टीवर पट्टी असे दुहेरी वेष्टन घेण्याचा रिवाज स्वारांनी पाडला. त्यात एक तारतम्य आहे: वेष्टन फार जाड झाले तर पकडीचा घेर वाढतो, तो आवळून धरण्यासाठी पंजाला अधिक श्रम पडतात, आणि हाताची सोय करता करता मनगट थकते. लहान हाताच्या स्वाराला दुहेरी पट्टी मानवत नाही.

1970 च्या सुमारास पट्टीच्या इतिहासात एक आडवळण आले, ज्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. इटलीत सुरू होऊन पुढे मेक्सिकोत स्थिरावलेल्या बेनोत्तो कंपनीच्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या त्या काळी फार लोकप्रिय झाल्या. त्या धुतल्या की स्वच्छ होत, अनेक रंगांत मिळत, सांगाड्याच्या रंगाशी जुळत, आणि छायाचित्रांत फार शोभून दिसत. परंतु जाडी कागदाएवढी. उशी म्हणून तिचा काडीचा उपयोग नाही, आणि घामेजल्या हाताखाली ती गुळगुळीत होई. शोभेने सोयीवर मात केली असे म्हणण्याजोगा हा एकच कालखंड, आणि तो दहा-पंधरा वर्षे टिकला.

हाताची बाजू पुन्हा वर आली ती 1980 च्या दशकात. 1943 सालची मिलान-सान रेमो शर्यत जिंकणाऱ्या चीनो चिनेल्ली याने स्थापन केलेल्या, हँडलांसाठी सर्वश्रुत असलेल्या कारखान्याने त्या दशकाच्या उत्तरार्धात कृत्रिम फेसामध्ये बुचाचे कण मिसळून बनविलेली मऊ, किंचित लवचीक पट्टी बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत सुती व प्लास्टिक या दोन्ही पट्ट्या शर्यतींतून जवळजवळ हद्दपार झाल्या. शतकभरापूर्वीच्या मुठींतील बूच अशा प्रकारे चुऱ्याच्या रूपाने हँडलावर परत आले. या यशामागे दुसऱ्याच एका अवयवातील फेरफार होता. तोवर ब्रेकच्या केबल्स लिव्हरच्या माथ्यातून उघड्या बाहेर पडून हँडलासमोर कमान करीत असत. वाऱ्याचा विरोध टाळण्यासाठी त्या आता हँडलालगत, पट्टीच्या खालून जाऊ लागल्या. 1990 साली शिमानोने आणि 1992 साली काम्पान्योलोने ब्रेक-लिव्हरमध्येच गिअर बदलण्याची योजना आणली तेव्हा, दुसऱ्या कंपनीच्या रचनेत तरी, गिअरच्या केबल्सही तेथेच आल्या. पातळ पट्टीखाली हा केबलचा उंचवटा तळहाताला बोचे. जाड, मऊ पट्टीने तो झाकला. वाऱ्याच्या हिशेबात मिळविलेल्या नफ्याची तूट पुन्हा पट्टीलाच भरून काढावी लागली.

त्याच सुमारास ड्राइसची विस्मृत फळीही परत आली. 23 जुलै 1989 रोजी फ्रान्स-प्रदक्षिणेच्या अंतिम दिवशी, व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या साडेचोवीस किलोमीटरांच्या एकट्याच्या शर्यतीत, पन्नास सेकंदांनी मागे असलेल्या ग्रेग लेमाँड याने कोपरांखाली गाद्या असलेले पुढे काढलेले हँडल वापरले आणि लोराँ फिन्यों याला एकूण आठ सेकंदांनी मागे टाकले. अग्रबाहू गादीवर टेकून हातांना दिशेपुरते मोकळे ठेवण्याची माँहाइमची ती युक्ती 172 वर्षांनी वाऱ्याला चुकविण्याच्या कामी आली.

महाराष्ट्रात सायकल आली ती काळ्या इंग्रजी रोडस्टरच्या वेषाने. तिच्या उभट हँडलाला टोकाशी रबरी वा प्लास्टिकच्या मुठी असत, आणि पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातही लाखो हातांनी त्या मुठींवरच आयुष्य काढले. वळणदार हँडल आणि पट्टी यांचा परिचय राहिला तो बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीच्या स्वारांना आणि त्यांच्या मिस्त्रींना. गेल्या काही वर्षांत मात्र 200 पासून 600 किलोमीटरांपर्यंतच्या मुदतबंद सफरी आपल्याकडे रुजल्या, तेरोंच्या त्या पॅरिस-ब्रेस्ट मार्गावर आता नव्वद तासांच्या मुदतीत होणाऱ्या सफरीला मराठी स्वार जाऊ लागले, 2015 साली नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात आणि 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने अमेरिका ओलांडणारी अतिदीर्घ शर्यत पूर्ण केली, आणि देस्तोने वर्णिलेली बधिर करंगळी इथल्या सायकल-मंडळींच्या बोलण्यातला नित्याचा विषय झाली.

या सर्व विवेचनात सुरक्षिततेच्या दोन गोष्टी राहिल्या, आणि त्या सोयीपेक्षा कमी महत्त्वाच्या नाहीत. पहिली टोकावरच्या बुचाची. जुने स्वार मद्याच्या बाटलीचे बूच कापून नळीत ठोकीत, आज त्या जागी प्लास्टिकची टोपी असते. ते नसेल तर पडताना नळीची उघडी गोल कड देहात घुसते, पोटातल्या इंद्रियांनाही इजा करते, आणि म्हणूनच शर्यतींच्या नियमांत टोके बंद असण्याची सक्ती आहे. दुसरी गोष्ट पट्टीखालच्या धातूची. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला घामातील मीठ खाते, पट्टी ते मीठ आणि ओल दोन्ही धरून ठेवते, आणि कोकणासारख्या दमट हवेत किंवा घरात उभ्या केलेल्या सायकलवर रोज व्यायाम करणाऱ्याच्या बाबतीत हे काम फार झपाट्याने होते. वरून पट्टी नवी, रंगीत, तजेलदार दिसत असते, आणि आत पांढरी भुकटी धरलेली नळी ब्रेक-लिव्हरच्या पट्ट्यापाशी किंवा मधल्या पकडीच्या कडेला चिरत असते. म्हणून जाणते मिस्त्री जुनी पट्टी सोलल्यावर लगेच नवी हातात घेत नाहीत. नळी पुसून, उजेडात फिरवून, या दोन जागांवरून नख ओढून पाहतात, आणि नख कोठे अडले तर गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी पट्टी बांधून देण्यास नकार देऊन नवे हँडल आणावयास सांगतात.